वेंबरीच्या ओहोटीत: निळ्या रेघांच्या लिम्पेटचा शोध

पहिला पाऊण तास मी चुकीच्या जागी शोधत होतो. इंग्लंडच्या डेव्हनमधल्या वेंबरीच्या समुद्रखडकांवर लिम्पेट, म्हणजे टोपीसारख्या कवचाच्या, घट्ट चिकटून बसणाऱ्या समुद्री गोगलगायी, हवे तितके आहेत, पण ते सगळे नेहमीचे: जाड, राखाडी, उंच टोपीसारखे. मला हवा होता ब्लू-रेयड (निळ्या रेघांचा) लिम्पेट, शास्त्रीय नाव पटेला पेलुसिडा. तो खडकावर शोधायचाच नाही. तो राहतो केल्पवर, म्हणजे तपकिरी, चामड्यासारख्या लांब पात्यांच्या समुद्री शैवालावर.

केल्प उघडं पडतं ते उधाणाच्या ओहोटीला, पाणी अगदी तळाला गेलं की. म्हणून अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस धरा. या किनाऱ्यावर ती ओहोटी दुपारच्या सुमारास येते; वेळापत्रक पाहून तासभर आधीच खाली उतरा. केल्प भयंकर निसरडं असतं, पकड घेणारे बूट हवेतच. समुद्राकडे पाठ करून वाकू नका.

मग एक पाती हळूच उलटली आणि तो दिसला. करंगळीच्या नखाएवढा, गुळगुळीत, मधाच्या रंगाचा, जवळजवळ पारदर्शक. पाठीवर तुटक रेघा, आणि त्या इतक्या झगझगीत निळ्या की आतून दिवा लागलाय असं वाटावं! हा निळा रंगद्रव्याचा नाही. कवचातल्या कॅल्साइट या खनिजाच्या अतिसूक्ष्म थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा तो खेळ आहे. म्हणूनच फार तिरपं पाहिलं तर रेघ मंदावते. एका बाजूने काही दिसलं नाही तर डोकं हलवून पुन्हा पाहा. मी असे दोन जवळजवळ हुकवले होते.

फसवतात ते वयस्कर. काही लिम्पेट वाढताना देठावरून खाली सरकतात आणि केल्प ज्या मुळांसारख्या फांद्यांनी खडक धरतं, त्यांच्या पोकळीत राहतात. तिथे कवच जाड, फिकट होतं, निळ्या रेघा पुसट होतात किंवा टोकाजवळच उरतात. तेव्हा रंगापेक्षा जागा आणि त्याने कुरतडून केलेला खड्डा जास्त खात्रीचा.

कृपा करून तो उचकटू नका. फोटोसाठी पाती हातात धरणं पुरेसं आहे. काम झालं की पाती होती तशीच पालथी ठेवा, नाहीतर खालचे जीव उन्हात वाळतात. पाणी वळताना दिसताच मीही निघालो, कारण परतीची वाट त्याच निसरड्या केल्पवरून होती.