एक वाव आणि एक हात

"कयाकची वल्ही दुकानात मिळतात की! मग सुट्टीच्या दिवशी लाकूड तासत का बसता?" सिअ‍ॅटलला आमच्या गॅरेजमध्ये डोकावणारा प्रत्येक जण हे विचारतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

कयाक म्हणजे अरुंद, हलकी होडी. तिची दुकानातली वल्ही ठरावीक मापांची. आम्ही करतो ते ग्रीनलंडच्या इनुइट या मूळ रहिवाशांचं, दोन्ही टोकांना अरुंद पातं असलेलं वल्हं, आणि त्याचं माप वल्हवणाऱ्याच्या अंगावरून घेतात: दोन्ही हात पसरून एक वाव, त्यात कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा एक हात मिळवायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चमकलेच. वाव आणि हात ही तर आपली मापं! आजी विहिरीचा दोर वावांनी मोजायची. माझा वाव १६८ सेंटीमीटर, हात ४५. वल्हं झालं २१३, म्हणजे सात फुटी. पण स्वतःचा वाव एकट्याने मोजता येत नाही. टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतंच.

लाकूड वेस्टर्न रेड सीडरचं. झाड इथलंच, वजनाला हलकं, रंध्याखाली मऊ. आठ फुटी फळी घेतो. तिला 'दोन बाय चार' म्हणतात, प्रत्यक्षात ती दीड बाय साडेतीन इंच भरते, आणि पातंही तेवढंच रुंद लागतं, मुठीत धरता येईल इतकं. गाठीची फळी मात्र घ्यायची नाही. एका मैत्रिणीचं पहिलं वल्हं गाठीपाशीच मोडलं. ग्रीनलंडमध्ये मोठी झाडं नाहीत. तिथले लोक सायबेरियाच्या नद्यांतून समुद्रात येऊन बर्फाबरोबर वाहत आलेले ओंडके वापरत. दुकानात फळ्या उलटसुलट करून पाहताना मला त्यांची फार आठवण येते.

खरा आनंद शेवटच्या तासाभरात. डोळे मिटून पात्याची कड दोन बोटांत धरायची आणि सावकाश सरकवायची. डोळ्यांना न दिसलेला जाडपणा बोटांना लागतो. तरी आपल्या हाताला आपली चूक सवयीची होते, म्हणून आम्ही वल्ही अदलाबदल करून चाचपतो. माझ्या डाव्या पात्यावरचा उंचवटा असाच मित्राच्या बोटांना सापडला. मी तासभर त्यावरूनच हात फिरवत होते.

मग अळशीचं तेल. तेलाची फडकी बोळा करून टाकायची नाहीत, ती आपोआप तापून पेट घेतात. कुंपणावर एकेक पसरून वाळवतो.

शनिवारी येताय का? टेपचं टोक मी धरते. मास्क तेवढा आणा, सीडरचा भुसा छातीला बाधतो.