वडगावात समुद्राचं पाणी तयार करताना

आमचं घर बेळगावात, वडगावला. समुद्र म्हणजे घाट उतरून शंभराच्या वर किलोमीटर. घरच्या टाकीत क्लाउनफिश या समुद्री माशांची जोडी पाळायची हे ठरलं तेव्हा आई म्हणाली, "एवढा खटाटोप कशाला रे? वेंगुर्ल्याला जातोस तेव्हा दोन कॅन भरून आण की." पण किनाऱ्यालगतचं पाणी पावसाळ्यात नद्या-नाल्यांमुळे पातळ होतं, गाळ येतो, आणि मला दर आठवड्याला पंधरा-वीस लिटर बदलायचं होतं. घरातलं मीठही चालत नाही. ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराईड. समुद्राच्या लिटरभर पाण्यात मॅग्नेशियम सुमारे 1300 मिलिग्रॅम आणि कॅल्शियम 400 च्या आसपास असतं. म्हणून रीफ सॉल्टची, म्हणजे हे क्षारही असलेल्या टाकीसाठीच्या मिठाची, बादली मागवली.

आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, 480. आरओमधून 22 वर आला, पुढे उरलेसुरले क्षार धरून ठेवणारं डीआय रेझिन लावल्यावर मीटरने शून्य दाखवलं. आरओचं वाया जाणारं पाणी अंगण धुवायला घेतलं.

पहिल्याच खेपेला घात झाला. रिकाम्या ड्रममध्ये मी आधी दीड किलो मीठ ओतलं आणि वरून नळी सोडली. पाणी चुना कालवल्यासारखं पांढरं झालं. रात्रभर पंप चालवला, सकाळी वर निवळ होती, पण तळाशी आणि हीटरच्या काचेवर नखानं खरवडावा लागेल असा थर. सुरुवातीला पाणी थोडं आणि मीठ फार, त्यामुळे कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून चुनखडी होऊन खाली बसले होते. एकदा बसले की ढवळून परत विरघळत नाहीत. चाळीस लिटर ओतून दिलं. फार जीवावर आलं.

दुसऱ्या वेळी क्रम उलटा केला. आधी चाळीस लिटर पाणी. डिसेंबरचे दिवस, ड्रममधलं पाणी 19 अंशांवर होतं, ते हीटरने 25 वर आणलं. पंपाचं तोंड वर वळवून पाणी घुसळत ठेवलं आणि मीठ वाटीवाटीने सोडलं. एक वाटी पडली की पांढरा भोवरा खाली उतरतो, मग हळूहळू ड्रमचा निळा तळ दिसायला लागतो. तळ दिसला की पुढची वाटी. यात तासभर गेला. तो तास मला फार आवडला.

रात्रभर फिरवून सकाळी खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर लावला, 35 आला, म्हणजे हजार भागांत 35 भाग क्षार, समुद्राइतकेच. तरी शंका होती म्हणून यंत्र तपासायचं, नेमक्या 35 खारटपणाचं कॅलिब्रेशन द्रावण काचेवर टाकून पाहिलं, तर तो 38 दाखवत होता. म्हणजे माझं पाणी खरं तर 32 च्या घरात. शून्यावर साध्या पाण्याने जुळवून भागत नाही, हे तेव्हा कळलं. स्क्रू फिरवून यंत्र जुळवलं, थोडं मीठ वाढवलं. असे चार ड्रम भरल्यावर टाकी भरली. मासे आणले ते महिन्याभराने, माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्यावर.

टाकीतून वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची घट साध्या आरओ-डीआय पाण्यानेच भरायची. काचेवर मार्करने रेघ मारलीय आणि ते काम आईने घेतलंय. पहिल्या दिवशी ती तांब्याचा तांब्या घेऊन आली होती. तांबं कोळंबीसारख्या समुद्री जिवांना विष असतं म्हणून प्लास्टिकचा जग दिलाय. सकाळी देवपूजा आटोपली की ती जग घेऊन टाकीपाशी उभी राहते आणि रेघेपर्यंत अगदी बारीक धार सोडते.