सात प्रश्न, सातही उत्तरं माझीच

खरं सांगायचं तर प्राध्यापकांसाठीचा रिफ्रेशर कोर्स मी प्लेसमेंटच्या, म्हणजे बढतीच्या, फाइलसाठी केला. हे कोर्स घेणाऱ्या केंद्राला जुनी मंडळी अजून एचआरडीसीच म्हणतात. २०२३ पासून नाव मालवीय मिशन झालंय. दोन आठवडे, सगळं ऑनलाइन. ड्यूटी लीव्ह मिळाली नाही, म्हणून सकाळचे तास उरकून धावतपळत घरी येऊन लॅपटॉप उघडायचा. हजेरीची लिंक चॅटवर यायची आणि पाच मिनिटांत बंद व्हायची. एकदा नेमकी तेव्हाच लाइट गेली. ती एक गैरहजेरी मिटवायला तीन मेल करावे लागले.

'विद्यार्थीकेंद्री अध्यापन' या विषयावर एक तज्ज्ञ सलग दोन तास एकटेच बोलले. आम्ही सगळे म्यूटवर.

कामाची ठरली ती एक असाइनमेंट: स्वतःच्या तासाचं १० मिनिटांचं रेकॉर्डिंग करा आणि ऐका. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते ते, शिकवत होते. रात्री ऐकलं, तर पंख्यांची घरघर आणि माझा आवाज. सात प्रश्न विचारलेले, सातही उत्तरं मीच दिलेली. शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात, तीन सेकंद थांबले तर गप्प मुलंही बोलतात, हे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकातच मांडलंय. सत्रात ते ऐकताना मी मान डोलावली होती. आपण थांबतोच, असं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी थांबले. तीन सेकंद वर्गात फार लांब असतात हो! कुणी बोललं नाही. मग अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांची १९८१ची रीत: आधी स्वतः विचार, मग शेजाऱ्याशी बोलणं, मग वर्गाला सांगणं. बाकं फरशीत बोल्टने आवळलेली, गोल करून बसवायची सोय नाही. पण शेजारी तर प्रत्येकाला होता. "आपापल्या भाषेत बोला," म्हटलं आणि मागून तेलुगू, कन्नड, उर्दू सुरू झालं. प्रश्न होता, टॉवेलचा भाव वाढला तर मागणी किती घटेल? वर्षभर तोंड न उघडलेली एक मुलगी उठली.

"मॅडम, लग्नसराईत नाही घटत. टॉवेल-टोपी द्यावीच लागते की. एरवी लोकं फाटस्तोवर जुनाच वापरतात."

तिच्या घरी यंत्रमाग आहे, हे मला मार्च महिन्यात कळलं.

प्रमाणपत्र फाइलला लागलंय. बाकं मोकळी करून मिळावीत म्हणून अर्जही दिलाय. शिपाईमामा म्हणाले, "पाना माझ्याकडं हाय मॅडम, सही तेवढी आणा."