तुम्ही विचारलंत म्हणून: तो सीन

खासबागेत भेळ खाताना, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर रक्त तपासायला हात पुढे केलेला असताना. प्रश्न एकच: "तो सीन का केलात?" मी काम केलेला तो सिनेमा कुणी पाहिलेला नसतो. पाहिलेले असतात चाळीस सेकंद, तेही मोबाइलवर. तेव्हा एकदाच लिहिते, म्हणजे भेळ तरी नीट खाता येईल.

मुलाखतींत मी सांगायची, "कथेची गरज होती." खरंच होती? विधवा बाई, चार वर्षांनी कुणीतरी जवळ घेतंय. दार लावून घेतलेलं दाखवलं असतं तरी कळलं असतं. पण दार लावलं की आत तिला सुख झालं की नाही, हे बघणारा आपल्या मनाने ठरवतो. ते मला नको होतं. आता हेही आज सुचलंय. तेव्हाचं कारण हेच होतं म्हणाले तर ती लबाडी होईल.

आणि होकार दिला होता तो तालमीत ठरलेल्या सीनला. शूटिंगच्या दिवशी दिग्दर्शकाने आणखी एक शॉट मागितला, उघड्या पाठीचा. खोलीत चारच माणसं, लाइट लावून तयार, सगळे माझ्याकडे बघतायत. मी म्हणाले, "चालेल." तुमच्याकडे फिरतोय तो तुकडा तोच.

"कोल्हापूरची असून असं?" म्हणणाऱ्यांना मी 'सैरंध्री' ऐकवते. १९२० साली बाबूराव पेंटरांनी इथे केलेल्या त्या चित्रपटातला कीचकवध इतका खरा वाटला की त्याला कात्री लागली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने नग्न दृश्यांवरून अडलेल्या 'बँडिट क्वीन' चित्रपटाच्या बाजूने दिलेला निकालही मला पाठ आहे. भिशीत निकाल चालत नाहीत.

भिशीचं सांगते. आई भाकरी थापत होती, मी शेजारी पाटावर. तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "पाठीवरला काहिलीचा डाग अजून तसाच हाय की गं."

सात वर्षांची असताना मामाच्या गुऱ्हाळावर उकळता रस पाठीवर उडाला होता. महिनाभर आईने मला पालथं झोपवलं होतं. पुढे मोठी झाले, तिने माझी पाठ बघायचं कारणच उरलं नाही. इतक्या वर्षांनी तिला तो डाग दिसला, तो असा.

"कुणी दाखवलं?"

"भिशीतल्या बायकांनी."

सगळ्यांनी मिळून बघितलं की एकटीला दाखवलं, ते विचारायचा धीर झाला नाही. भाकरी फुगली, तिने ती माझ्या ताटात टाकली. मी दोन खाल्ल्या.

२०२४ मध्ये पायल कपाडियाच्या सिनेमाला कान चित्रपट महोत्सवात ग्राँ प्री पुरस्कार मिळाला. पुढे तो इकडे लागला, तेव्हा त्यातल्या अभिनेत्रीचा तसाच तुकडा मलाही आला. असलं मी उघडत नाही, असं पाठवणाऱ्याला सुनावलं. उघडला होता.

आईने मात्र "का केलंस" हे आजवर विचारलेलं नाही. गुडघे दुखतात म्हणते. भिशीचे पैसे दर महिन्याला शेजारच्या पोरीच्या हातून पाठवते.