दादांचं एक मत

३० जुलै, सांगोला

सकाळपासून नुसतं भुरभुर. आमच्याकडे जुलैचा पाऊस असाच, धूळ बसवण्यापुरता. दादा चहा घेता घेता म्हणाले, "आज आबासाहेबांचा दिवस." २०२१ साली याच तारखेला सांगोल्याचे जुने आमदार गणपतराव देशमुख सोलापुरात वारले. तालुक्यात त्यांना कुणी गणपतराव म्हणत नाही, आबासाहेबच.

१९६२ साली ते पहिल्यांदा आमदार झाले, ११ वेळा निवडून आले आणि २०१९ पर्यंत आमदार राहिले. तालुका तोच, पक्ष तोच, शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा. त्या पक्षाला राज्यात कधी बहुमत मिळालं नाही, म्हणजे हे सगळं आयुष्य बहुतेक विरोधी बाकावरचं. १९७८ आणि १९९९ मध्ये मंत्रिपद मिळालं, पण दादा त्याबद्दल कधीच बोलत नाहीत. ते बोलतात एसटीबद्दल. आमदार मुंबईला एसटीने जायचा, हे सांगताना त्यांचा आवाज आजही भरून येतो.

आणि पाण्याबद्दल. नागनाथअण्णा नायकवडींच्या सोबतीने आटपाडीला १३ दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरायच्या. दादा भाकरी बांधून घेऊन जायचे. कृष्णेचं पाणी चढावर उचलून आमच्या माणदेशात आणायचं, हे तेव्हा लोकांना खुळेपणाचं वाटे. कृष्णेचं पाणी उचलणाऱ्या टेंभू योजनेचं पाणी पुढे माण नदीत आलं, पण त्यात किती वर्षं गेली! एका आमदाराच्या कारकिर्दीत काय बसतं, असा विचार करतो तेव्हा मला भाषणं आठवत नाहीत. एकच मागणी घेऊन दर अधिवेशनाला उभं राहणारा माणूस डोळ्यासमोर येतो. हे काम कंटाळवाणं आहे, त्याचे फोटो निघत नाहीत, आणि मला तेच सर्वांत मोठं वाटतं.

दोनदा ते हरले. १९७२ ला हरले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला शहाजीबापू पाटलांकडून पडले, फक्त १९२ मतांनी.

हा आकडा आमच्या घरात देवघरातल्या तसबिरीसारखा कायमचा आहे. त्या वेळी दादा कामासाठी मुंबईला होते. मुकादमाने सुट्टी दिली नाही, मतदान राहिलं. आज पुन्हा म्हणाले, "एकशे ब्याण्णव. त्यातलं एक माझं."

मी हिशेब मांडला, "दादा, तुमच्या एका मताने काय झालं असतं? एकशे एक्याण्णव उरलेच असते."

"माझ्यासारखे किती जण बाहेर होते, ते तुला काय ठाऊक?"

मला उत्तर सुचलं नाही. कामासाठी बाहेर गेलेला तालुका होता तो. ज्या दुष्काळाशी आबासाहेब झगडत होते, त्याच दुष्काळाने त्यांची माणसं मतदानाच्या दिवशी परगावी ठेवली होती. हे मला आजवर कसं दिसलं नाही?

हरल्यावर ते सांगोल्यातच राहिले. त्याच पक्षात, त्याच लोकांत. १९९९ ला पुन्हा आमदार झाले, तेव्हा दादा मुंबईहून आदल्या रात्रीच येऊन बसले होते.

माझं नाव अजून इथल्याच मतदार यादीत आहे. पुण्यात नोकरीला १४ वर्षं झाली, बायको म्हणते नाव तिकडे करून घ्या, आणि तिचंही खरंच आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये स्वारगेटवर गर्दीत गाडीची वाट पाहत उभा होतो, तेव्हा दादांचे तीन फोन आले. तिन्ही वेळा एकच प्रश्न.

"बसलास का गाडीत?"