रूट करू का भाऊ?

दर काही महिन्यांनी कोणीतरी मेसेज टाकतंच, "भाऊ फोन रूट करायचाय, काही होणार नाही ना?" आणि मग मी बसतो टाइप करत, तेच ते, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकतो. उत्तर आधीच देतो म्हणजे घाईवाले सुटले. ज्या फोनात तुमचं बँकेचं ॲप, जीपे-फोनपे, डिजिलॉकर सगळं आहे आणि जो तुमचा एकुलता एक फोन आहे, तो रूट करू नका. कपाटात जुना फोन पडलाय, पैशाअडक्याचं त्यात काही नाही, तर खुशाल करा, शिकायला मिळतं आणि मजा पण येते. मी वर्षानुवर्षं रूट केलेले फोन वापरलेत त्यामुळे हे काही "रूट म्हणजे पाप" टाइप लेक्चर नाही, पण तेव्हा रूट कशासाठी करायचो आणि आता कशासाठी करायचं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक पडलाय आणि लोक जुने व्हिडिओ बघून सुरू होतात.

आधी रूट म्हणजे काय ते. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे. लिनक्समध्ये प्रत्येक युजरला एक नंबर असतो आणि शून्य नंबरचा युजर म्हणजे रूट, त्याला कोणी अडवत नाही. फोन वापरणारा माणूस एकच असतो म्हणून अँड्रॉइडवाल्यांनी हुशारी केली आणि प्रत्येक ॲपलाच वेगळा युजर करून टाकलं, दहा हजाराच्या पुढचे नंबर देऊन. चाळीतल्या खोल्यांसारखं समजा, व्हॉट्सॲपची खोली वेगळी, बँकेची वेगळी, गेमची वेगळी, एकाच्या किल्लीने दुसऱ्याचं दार उघडत नाही. आणि गंमत म्हणजे पैसे मोजून फोन आणणारे आपण, आपल्याकडेही सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या नसतात. त्या मिळवणं म्हणजे रूट. एकदा मिळाल्या की आपण ज्या ॲपला परवानगी देऊ ते कुठल्याही खोलीत शिरू शकतं, आणि पुढची सगळी भानगड इथूनच सुरू होते.

हा प्रकार अँड्रॉइडइतकाच जुना आहे. पहिला अँड्रॉइड फोन २००८ साली अमेरिकेत आला, एचटीसीने बनवलेला टी-मोबाइल जी१, सरकवून उघडायचा कीबोर्ड होता त्याला. त्यात एक भन्नाट चूक राहिली होती. कीबोर्डवर जे काही टाइप कराल ते गुपचूप मागे रूटच्या शेलमध्ये (टाइप केलेले हुकूम चालवणारा प्रोग्राम) पण जात होतं! एकाने चॅटमध्ये "रीबूट" टाइप करून एंटर मारलं तर फोन खरंच रीबूट झाला. मग काय, लोकांनी त्याच रस्त्याने फोन रूट केले आणि गूगलने अपडेट देऊन ते भोक बुजवलं. पण तोपर्यंत लोकांना चटक लागली होती.

आपल्याकडे मात्र रूट करायचं एक वेगळंच कारण होतं जे बाहेरच्या लोकांना सांगून पटणार नाही, ते म्हणजे मराठी दिसणं. आत्ता कॉलेजात असलेल्यांना खोटं वाटेल पण जिंजरब्रेडच्या, म्हणजे अँड्रॉइड २.३ च्या जमान्यात बऱ्याच फोनवर मराठी साइट उघडली की नुसते चौकोन दिसायचे. काही कंपन्या स्वतः देवनागरी फॉन्ट टाकून द्यायच्या, बाकीच्यांच्या नशिबी चौकोन. त्यावर एक जुगाड ऑपेरा मिनीत होता, ॲड्रेस बारमध्ये ऑपेरा कोलन कॉन्फिग टाकायचं, खाली "यूज बिटमॅप फॉन्ट्स फॉर कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स" असायचं ते यस करायचं, मग ऑपेराचा सर्व्हर अक्षरांची चित्रं करून पाठवायचा आणि पेपर वाचता यायचा. पण ते फक्त ब्राउझरपुरतं, मेसेजमध्ये चौकोन ते चौकोनच.

मग फोन रूट करायचा, रूट एक्सप्लोरर टाकायचं, सिस्टिममध्ये फॉन्ट्सच्या फोल्डरात जायचं, वरचं आर-ओ (फक्त वाचा) चं बटण दाबून आर-डब्ल्यू (वाचा आणि लिहा) करायचं, तिथे ड्रॉइडसॅन्सफॉलबॅक नावाची फाइल असायची, तिचं नाव बदलून ठेवायचं आणि तिच्या जागी देवनागरी असलेली त्याच नावाची फाइल आणून टाकायची. मग परमिशन, मालकाला वाचा-लिहा आणि बाकीच्यांना फक्त वाचा, ते राहिलं तर फोन चालू होताना लोगोवर अडकून बसलाच म्हणून समजा. सगळं नीट जमलं की रीबूट, आणि चौकोनांच्या जागी मराठी! म्हणजे मराठीसारखं काहीतरी, कारण अक्षरं जुळवणारं इंजिनच आत नव्हतं, त्यामुळे "किल्ला" मधली पहिली वेलांटी "क" च्या आधी न येता नंतर जाऊन बसायची आणि "ल्ला" चे दोन "ल" मध्ये पाय मोडून सुटे उभे. पण वाचता यायचं ना, आम्ही खूश. पुढे अँड्रॉइड ४ पासून हे हळूहळू कंपनीकडूनच नीट यायला लागलं आणि रूट करायचं आमचं सगळ्यात सॉलिड कारण संपलं.

दुसरं कारण जागेचं. इंटर्नल मेमरी एवढीशी असायची की व्हॉट्सॲप, फेसबुक आणि एक गेम टाकला की "इन्सफिशियंट स्टोरेज". लिंक२एसडी नावाचं ॲप मेमरी कार्डवर केलेल्या दुसऱ्या पार्टिशनवर (वेगळ्या कप्प्यात) ॲप हलवायचं, त्याला रूट लागायचं. ॲपचा डेटासकट बॅकअप घेणारं टायटॅनियम बॅकअप हे तर घरोघरी. तेव्हा रूट करणं पण सोपं होतं राव, फ्रामारूट उघडा, बटण दाबा, झालं. २०१४ मध्ये जिओहॉट म्हणजे जॉर्ज हॉट्झ, तोच आयफोन फोडणारा, त्याने टॉवेलरूट काढलं, लिनक्सच्या कर्नलमधल्या (गाभ्यातल्या) एका बगवर चालणारं, एक बटण आणि फोन रूट. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण नीट बघा, एक साधं ॲप, तुमच्या फोनमधलं भोक वापरून, अख्ख्या फोनचं मालक होतंय. ते तुमच्या सांगण्यावरून झालं म्हणून ते टूल, न विचारता झालं असतं तर तोच व्हायरस. आणि झालंच तसं, २०१६ मध्ये गूलिगन नावाचं मालवेअर सापडलं, अँड्रॉइड ४ आणि ५ वाले फोन त्याच टॉवेलरूटच्या भोकातून रूट करायचं आणि गूगल अकाउंटचे टोकन (पासवर्डशिवाय आत नेणाऱ्या किल्ल्या) चोरायचं, दहा लाखांच्या वर अकाउंट त्याच्या तावडीत गेली होती. त्यामुळे आजही कोणी "कॉम्प्युटर नको, वन क्लिकमध्ये रूट" म्हणत असेल तर लांब राहा, नव्या फोनवर ते चालत नाहीच आणि जुन्यावर चाललं तर मागे काय सोडून जाईल त्याचा पत्ता लागत नाही.

आता कसं करतात ते थोडक्यात, कारण धोके तिथेच बसलेत. बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप, डेव्हलपर ऑप्शन, ओईएम अनलॉकिंग चालू, मग कॉम्प्युटरला जोडून बूटलोडर (फोन चालू होताना अँड्रॉइड सुरू करून देणारा प्रोग्राम) अनलॉक. शाओमीसारख्या काही कंपन्या इथे अकाउंट जोडून काही दिवस थांबायला लावतात, काही कंपन्या अनलॉक करूच देत नाहीत. अनलॉक झाला की फोन पूर्ण पुसला जातो, फोटो-बिटो सगळे साफ. लोक ह्यावर चिडतात पण ते मुद्दाम केलेलं आहे, नाहीतर चोराने तुमचा फोन उचलून अनलॉक करून आतला डेटा काढला असता. मग तुमच्या फोनचं जे सॉफ्टवेअर चालू आहे त्याच व्हर्जनची बूट इमेज (फोन चालू करणारी फाइल) घ्यायची (अँड्रॉइड १३ घेऊनच बाजारात आलेल्या बऱ्याच फोनवर ती इनिट बूट असते), मॅजिस्क नावाच्या ॲपमध्ये पॅच करायची आणि फास्टबूटने (कॉम्प्युटरवरून फोनमध्ये सॉफ्टवेअर टाकायचं टूल) फ्लॅश करायची, म्हणजे फोनमध्ये टाकायची. मॅजिस्क हे जॉन वू नावाच्या तैवानच्या पोराने २०१६ मध्ये काढलं, सिस्टिमला हात न लावता रूट द्यायची आयडिया त्याने जबरदस्त वापरली. "त्याच व्हर्जनची" हे मी उगाच नाही लिहिलं. मॉडेल तेच पण व्हर्जन वेगळं, किंवा नाव तेच पण चायना व्हेरियंटची फाइल, की बूटलूप, म्हणजे फोन पूर्ण चालू न होता परत परत रीस्टार्ट. हा तरी बरा, मूळ इमेज परत टाकली की बहुतेक वेळा फोन उठतो.

न उठणारे किंवा अर्धवट उठणारे प्रकार वेगळे. मीडियाटेकची चिप असलेले फोन एसपी फ्लॅश टूलने फ्लॅश करताना "फॉरमॅट ऑल प्लस डाउनलोड" निवडलं की फोन चालू होतो, सगळं छान दिसतं, फक्त नेटवर्क येत नाही. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की इन्व्हॅलिड आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख नंबर). कारण ज्या पार्टिशनमध्ये आयएमईआय आणि रेडिओची सेटिंग असतात ते पण पुसलं गेलं. आमच्या ओळखीतल्या एकाचा फोन असा झाला आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराने "काय टेन्शन नाय" म्हणत दुसराच कुठलातरी नंबर टाकून दिला. आता हे किती डेंजर आहे बघा, आयएमईआय बदलणं आपल्याकडे गुन्हा आहे, २०२३ च्या टेलिकॉम कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड लिहिलाय, आणि तो नंबर कोणाच्या चोरीच्या फोनचा असेल तर काय सांगणार? ओळखीतल्या त्या माणसाला दुकानात परत पाठवून खोक्यावरचा मूळ नंबर टाकून घ्यायला लावला.

सॅमसंगवाल्यांसाठी खास सूचना. त्यात नॉक्सचा (सॅमसंगची सुरक्षेची यंत्रणा) एक फ्यूज असतो, आतमध्ये हार्डवेअरमध्ये, अनधिकृत सॉफ्टवेअर टाकलं की तो उडतो आणि परत जुळत नाही. सर्व्हिस सेंटर नाही, कोणी नाही. मूळ सॉफ्टवेअर टाकलं तरी सिक्युअर फोल्डर आणि पेमेंटची सोय गेली ती गेली.

आणि आता बँक. आधी मला पण वाटायचं की बँकवाले उगाच नाटकं करतात, फोन माझा पैसे माझे. पण विचार केला तर त्यांची बाजू कळते. यूपीआय उभंच आहे फोन आणि सिम एकमेकांना बांधण्यावर, आणि त्यात "एका ॲपला दुसऱ्याचं दिसत नाही" हे गृहीत धरलंय. रूट केलेल्या फोनवर ते गृहीतच राहत नाही. मॅजिस्क तुम्हाला विचारतं, ह्या ॲपला रूट देऊ का, ग्रँट की डिनाय, आणि त्या एका बटणावर सगळं टांगलेलं. मॉड्यूल (मॅजिस्कला जोडायची ॲड-ऑन फाइल) टाकताना तर बऱ्याचदा आपण बघत पण नाही की आत कुठली स्क्रिप्ट आहे, ती बूट होतानाच रूट म्हणून चालते, तुम्हाला कोणी ग्रँट-बिंट विचारत नाही.

त्यामुळे बँकेची ॲप गूगलच्या सोयीने फोन तपासून घेतात. आधी ती सोय सेफ्टीनेट होती, आता प्ले इंटेग्रिटी. जोपर्यंत ही तपासणी सॉफ्टवेअरमध्ये होती तोपर्यंत तिला गंडवणं सोपं होतं, मॅजिस्क हाइड (ॲपपासून रूट लपवायची सोय) टिकमार्क केलं की काम फत्ते. मग २०२१ मध्ये जॉन वू स्वतःच गूगलच्या अँड्रॉइड सिक्युरिटी टीममध्ये गेला आणि मॅजिस्क हाइड बंद झालं (ह्यावरून तेव्हा काय शिव्याशाप झालेत!). आता तपासणी फोनच्या चिपमधल्या किल्लीपर्यंत जाते, बूटलोडर उघडा आहे की बंद हे ती चिप सही करून सांगते. मे २०२५ पासून तर अँड्रॉइड १३ आणि त्यावरच्या फोनवर साध्या डिव्हाइस लेव्हलच्या तपासणीला पण हीच हार्डवेअरची सही लागते. त्यावर लोक दुसऱ्या फोनमधून लीक झालेल्या कीबॉक्स फाइल (ही सही करायच्या किल्ल्या) वापरतात, गूगल त्या रद्द करतं, मग नवीन शोधा. हा उंदीर-मांजराचा खेळ रविवारी दुपारी निवांत बसून खेळायला छान आहे, पण पेट्रोल टाकून झालंय, मागे दोन बाइकवाले हॉर्न मारतायत, आणि ॲप म्हणतंय "युवर डिव्हाइस इज नॉट सिक्युअर", तेव्हा पंपावरच्या माणसाला कीबॉक्स रद्द झाला असं सांगून बघा.

बरं एवढं करून मिळवायचं काय? जाहिराती नकोत म्हणाल तर अँड्रॉइड ९ पासून प्रायव्हेट डीएनएस आहे, तिथे ॲडगार्डचा पत्ता टाका, बऱ्याच जाहिराती जातात, यूट्यूबच्या जात नाहीत पण त्या जुन्या ॲडअवे सारख्या रूटवाल्या ब्लॉकरने पण जात नव्हत्या. कंपनीने कोंबलेली फालतू ॲप काढायचीत तर एडीबीने (कॉम्प्युटरवरून फोनला हुकूम द्यायचं टूल) तुमच्या युजरपुरती अनइन्स्टॉल करता येतात, रूट लागत नाही, फक्त नाव न बघता सिस्टिमची ॲप उडवत सुटू नका. फोन जुना झाला, अपडेट येत नाहीत, तर तुम्हाला कस्टम रॉम हवाय, म्हणजे कंपनीऐवजी दुसऱ्यांनी बनवलेलं अँड्रॉइड, लिनिएजओएस वगैरे, आणि त्यासाठी बूटलोडर उघडावा लागतो, रूट नाही. ह्या दोन गोष्टी लोक कायम एक समजतात. खरं सांगायचं तर आज मला पटणारी कारणं दोन-तीनच उरलीत, "धिस कॉल इज नाऊ बीइंग रेकॉर्डेड" न बोलता कॉल रेकॉर्ड करणं, ॲपचा आतल्या डेटासकट पूर्ण बॅकअप घेणं, आणि फोन आतून कसा चालतो हे बघायची खाज. तिसरं कारण मला सगळ्यात आवडतं.

तर खाज असेल तर जुन्या फोनवर करा. त्या मॉडेलचं पूर्ण मूळ सॉफ्टवेअर आधी उतरवून ठेवा, नंतर शोधू म्हणाल तर नंतर फक्त जाहिरातींनी भरलेल्या लिंक सापडतात. आयएमईआयवाल्या पार्टिशनचा बॅकअप जमला तर बाहेर कॉम्प्युटरवर घ्या, फोनमध्ये ठेवून उपयोग नाही. मॅजिस्क फक्त त्याच्या गिटहब पानावरून घ्या, मॅजिस्कच्या नावाने दिसणाऱ्या बाकीच्या साइट त्याच्या नाहीत. मॉड्यूल एका वेळी एक टाका म्हणजे अडकला तर कोणामुळे ते कळेल.

आणि हौस फिटल्यावर फोन विकायला काढाल, तेव्हा बूटलोडर परत लॉक करायची घाई करू नका. आधी कंपनीचं पूर्ण सॉफ्टवेअर टाका, फोन नीट चालू होऊन सेटअपचं पान दिसू द्या, आणि त्यानंतरच लॉक. बदललेलं सॉफ्टवेअर तसंच ठेवून लॉक केलंत तर फोन ते चालू करायला नकार देतो, लॉक असल्यामुळे फास्टबूटने काही टाकता येत नाही, आणि ओईएम अनलॉकिंग बंद झालेलं असेल तर आत जाता येत नसल्यामुळे ते परत चालू करता येत नाही. मग सर्व्हिस सेंटरच.