आमची वाटचाल: फायर एक्स्टिंग्विशरपासून एईडीपर्यंत

आमचा मूळ धंदा फायर एक्स्टिंग्विशर रिफिल करून देण्याचा. गेजचा काटा हिरव्यात आहे ना, सील शाबूत आहे ना, हे बघायचं आणि तारीख टाकून टॅग लटकवायचा. एका कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरनी सहज विचारलं, “एईडी पण देता का हो?” एईडी म्हणजे हृदय अचानक बंद पडलं तर छातीवर विजेचा शॉक देणारं मशीन. तेव्हा देत नव्हतो. पण तारखा सांभाळायची सवय अंगात मुरलेली होती, आणि या कामात तीच भांडवल ठरली.

मशीन खपवणं फारसं अवघड नाही. हृदय अचानक बंद पडल्यावर सीपीआर (छाती दाबून रक्त खेळतं ठेवणं) आणि शॉक यांच्याविना जाणारं प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटवतं, एवढं सांगितलं की सही होते. “चुकून भलत्याच माणसाला शॉक बसला तर?” हा प्रश्न मात्र हमखास येतो. मशीन आधी हृदयाची लय तपासतं आणि शॉकची गरज नसेल तर बटण दाबूनही तो देत नाही, हे आम्ही ट्रेनिंगच्या मशीनवर करूनच दाखवतो.

ग्राहक बहुतेक वेळा किंमत आणि जूल, म्हणजे शॉकची ताकद, विचारतात. आम्ही त्यांना दुसरेच प्रश्न विचारायला लावतो. शॉकसाठी छातीला चिकटवायच्या नव्या पॅडची किंमत काय, ते सहज मिळतात का, बॅटरी किती वर्षं टिकते? वर्कशॉपमध्ये धूळ आणि पाण्याचे शिंतोडे उडत असतील तर आयपी 55 रेटिंग बघावं. यंत्रांच्या खडखडाटात सूचना ऐकू येणार नसतील तर स्क्रीनवर मजकूर दिसणारं मॉडेल घ्यावं, आणि सूचना कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात. स्वस्तातलं मशीन घेऊन महागडे पॅड भरत बसलेले लोक आम्ही पाहिलेत.

जागेवरून वाद होतातच. साहेबांच्या केबिनबाहेर एईडीची पेटी शोभून दिसते, मान्य. आम्ही कारखान्यातल्या सर्वांत लांबच्या यंत्रापासून पेटीपर्यंत भरभर चालत जातो आणि परत येतो. 3 मिनिटांच्या वर गेलं तर जागा बदलायची, नाहीतर दुसरं मशीन घ्यायचं. पेटीला अलार्म चालेल, कुलूप नको.

खरं काम सुरू होतं ते त्यानंतर. मशीन स्वतःची तपासणी करतं आणि हिरवा दिवा दाखवतं. पण बऱ्याच मॉडेलमध्ये त्या दिव्याला पॅडची एक्सपायरी कळत नाही. पॅडवरचं जेल काही वर्षांत सुकतं, मग ते छातीला नीट चिकटत नाहीत. म्हणून पाकीट न फोडता त्यावरची तारीख वाचायची. सोबतच्या पिशवीत कात्री, रेझर, टॉवेल, हातमोजे आणि तोंडावर ठेवायचा मास्क आहे का, तेही बघायचं. सगळ्यात आधी गायब होते ती कात्री!

एका ठिकाणी तपासणीच्या रजिस्टरमध्ये महिनाभराच्या सह्या एकाच पेनाने, एकाच झटक्यात केलेल्या दिसल्या. त्यानंतर आम्ही एएमसीशिवाय (वर्षभराच्या देखभालीच्या कराराशिवाय) मशीन विकणं बंद केलं. काही ऑर्डर गेल्या, जाऊ देत. आता पॅड आणि बॅटरीच्या तारखा आमच्याकडे असतात. मुदत संपायच्या आधीच नवा माल पोहोचतो, आणि मशीन कधी वापरलं गेलंच तर त्याच दिवशी पॅड बदलून, आतला रेकॉर्ड काढून ते पुन्हा पेटीत ठेवतो.

ट्रेनिंगला ऑफिसातली माणसं आपणहून येतात. आम्ही रात्रपाळीचे वॉचमन आणि सफाई कामगारही मागून घेतो.